वाचकांचे प्रश्न : जपानला जायच्या आधी अजिंठ्याला जाऊन या

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आमच्या कॉलेजातून १२ मुलंमुली अन् आम्ही ३ प्राध्यापक नऊ दिवस जपानला सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी जाऊन आलो. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की दोन आठवडे रोज रात्री तेच वाचत बसले होते, आणि सगळे आपल्याच भागातले, परभणी, लातूर, बीड, नांदेड, हिंगोली. बऱ्याच कॉलेजांत सध्या असे दौरे निघायला लागलेत, कुठं जपान, कुठं थायलंड, कुठं युरोप. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे इथं घेते. मी इतिहास शिकवते, तेव्हा उत्तरांत इतिहास जरा जास्त येईल ते समजून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी बीए दुसऱ्या वर्षाला आहे, परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. जपानला जायच्या यादीत माझं नाव लागलंय. बाबा म्हणतात पैशाचं बघू, पण आजी अडून बसलीय, पोरगी एवढ्या लांब कशाला, स्थळं यायला लागलीत म्हणते. आणि खरं सांगू का, मला इंग्रजी नीट येत नाही, त्याचीच जास्त भीती वाटतेय.

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी आजीचं बघू. आजीशी तू एकटीनं भांडू नकोस, ज्या मॅडम सोबत जाणार आहेत त्यांना सरळ घरी बोलाव, चहाला. त्यांनी अर्धा तास आजीजवळ खाली बसून बोललं ना तरी निम्मं काम होतं. आजीला जपानची भीती नसते गं, पोरगी कुणासोबत झोपणार, दुखलं खुपलं तर कुणाला सांगणार हे माहीत नसतं त्याची भीती असते. म्हणून नऊ दिवसांचा कार्यक्रम मराठीत लिहून काढ, कुठल्या तारखेला कुठलं गाव, मुक्काम कुठं, खोलीत सोबत कोण, मॅडमचा नंबर, आणि तो कागद घरात भिंतीला चिकटव. आमच्या वेळी जिंतूरकडच्या एका मुलीच्या आजीनं मला विचारलं होतं, "तिथं पोरीला आंघोळीला गरम पाणी कोण देतं?" मी त्यांना सगळं नीट सांगितलं की तिथल्या घरात एक खोल टब असतो, आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची अन् मगच त्या गरम पाण्यात बसायचं, आणि निघताना पाणी सोडून द्यायचं नाही कारण त्याच पाण्यात घरातली बाकीची माणसं बसतात, आंघोळीची खोली आतून बंद करता येते. आजी म्हणाल्या, म्हणजे पाणी वाया घालवत नाहीत तर. आणि तिथून पुढं त्यांचा विरोधच संपला, पाण्याची किंमत आपल्याकडच्या बाईला वेगळी सांगावी लागत नाही.

होमस्टे असेल तर दोन मुली एका घरात ठेवा अशी मागणी आधीच करायची, बहुतेक ठिकाणी ऐकतात. फोनचं म्हणशील तर जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे, तुझं रात्रीचं जेवण सातला झालं की इकडं दुपारचे साडेतीन, तेव्हा बाबा रानात असतील. वेळ आधी ठरवून ठेव नाहीतर दोघंही काळजी करत बसता.

आता इंग्रजी. तिथल्या मुलामुलींनासुद्धा इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या दिवशी दोन्हीकडची पोरं भिंतीला टेकून उभी होती, कोणी तोंड उघडेना. मग आमच्यातली एक मुलगी घरून आणलेले फोटो काढून जमिनीवर मांडायला लागली, कापसाची वेचणी, आई चुलीवर भाकरी थापतेय, बैल, पोळ्याला रंगवलेली शिंगं. पाच मिनिटांत तिच्याभोवती घोळका. एक जपानी मुलगी भाकरीच्या फोटोवर बोट ठेवून हातानं थापायची नक्कल करत होती अन् ही तिचे हात धरून दाखवत होती की असं नाही, बोटं पसरायची अन् फिरवायची. वीस-पंचवीस वाक्यं पाठ कर, स्वतःबद्दल, गावाबद्दल, घरातल्यांबद्दल, आणि पंधरा फोटो कागदावर छापून ने, मोबाईलमधले नको, छापलेले हातातून हातात जातात. तू जा गं.

प्रश्न : माझा मुलगा लातूरला बीकॉमला आहे. कॉलेज म्हणतंय प्रत्येकी एक लाख ऐंशी हजार भरा, दहा दिवसांचा सांस्कृतिक दौरा. आमची चार एकर कोरडवाहू, सोयाबीनचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. हे खरंच शिक्षण आहे की नुसती सहल, आम्ही ओळखायचं कसं?

भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही कॉलेजात जाऊन तोंडावर विचारायला पाहिजे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिलं म्हणजे तिकडच्या संस्थेचं निमंत्रणपत्र बघायला मागा. कुठल्या कॉलेजानं बोलावलंय, कुणाच्या सहीनं. जपानचं उदाहरण घ्या, तिथं यजमान संस्था बोलावते तेव्हा अल्प मुदतीच्या व्हिसासाठी ती निमंत्रणपत्र, हमीपत्र आणि रोजच्या कार्यक्रमाचा तक्ता पाठवते. म्हणजे हे कागद असतातच, लपवण्यासारखं त्यात काही नसतं. आणि साधा पर्यटकाचा व्हिसा आपल्या लोकांना एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मिळायला लागलाय, तो काढून नेणार असतील तर विचारा की मग देवाणघेवाण कुणाशी आहे.

दुसरं, तो रोजचा तक्ता घेऊन पेन्सिलनं खुणा करा, आपला मुलगा तिथल्या मुलांसोबत किती तास असणार. वर्गात, घरात, शेतावर, कार्यशाळेत, कुठंही, पण त्यांच्यासोबत. दहा दिवसांत एक सकाळ विद्यापीठाला भेट आणि बाकी टॉवर, मॉल, थीम पार्क असं दिसलं तर ती सहल आहे, सहल वाईट नसते पण तिच्यासाठी कर्ज काढू नये. माझ्या ओळखीतल्या एका कॉलेजचा दौरा असाच झाला, यजमान कॉलेजात सगळे मिळून पन्नास मिनिटं, ग्रुप फोटो, हार, आणि बस पुढं. मुलं परत आली तेव्हा त्यांना तिथल्या एकाही मुलाचं नाव सांगता येत नव्हतं. त्या पालकांनी दागिने गहाण ठेवून पैसे भरले होते हे आठवलं की मला अजून राग येतो.

तिसरं, व्हिसा नाकारला किंवा घरात काही झालं तर किती पैसे परत मिळणार ते लेखी घ्या.

आणि पैसे न भरता जायचे मार्गही असतात, ते कुणी सांगत नाही. जपान सरकारच्या जेनेसिस या कार्यक्रमात तरुणांना थोड्या दिवसांसाठी बोलावतात, विज्ञान शाखेच्या मुलांसाठी २०१४ पासून सकुरा सायन्स नावाची योजना आहे, तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेकडून चालते, त्यात तिकडची एखादी संस्था बोलावते आणि खर्च तिकडून होतो. त्यासाठी आपल्या प्राध्यापकांनी तिकडच्या प्राध्यापकांशी सहा-सहा महिने पत्रव्यवहार करावा लागतो. तो कोणी करतंय का हे कॉलेजला नक्की विचारा. नसेल करत तर मुलाला यावर्षी थांबवा, जमिनीला हात लावू नका.

प्रश्न : माझ्या मार्कमेमोवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. आधारवर वडिलांचं नाव नाहीच. पासपोर्टला कसं लिहू? (बीड)

पासपोर्टच्या फॉर्मात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा असतो. आडनावाच्या जागी फक्त आडनाव, नावाच्या जागी तुझं नाव, अन् वडिलांचं नाव लावायचं असेल तर तुझ्या नावापुढं त्याच रकान्यात. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नकोस, पुढं तिकीट काढताना आणि व्हिसाच्या फॉर्मात फार त्रास होतो. आधी आधार आणि मार्कमेमो यांचं स्पेलिंग जुळवून घे, आपल्याकडं 'शिंदे' तीन कागदांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. ते जुळलं की मगच अर्ज. साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, तत्काळ पाहिजे असेल तर वर २,००० जास्त. पोलिस पडताळणीला घरी असायला पाहिजेस, म्हणजे तू होस्टेलला राहत असशील तर पत्ता कुठला द्यायचा हे आधी ठरव. आमच्या टीममधल्या एकाची पडताळणी याच कारणानं दीड महिना लांबली. आणि तिकीट पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, एक अक्षर इकडं तिकडं नको.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यात शासकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. मुलांसोबत जायची संधी आलीय, राहण्या-जेवणाचा खर्च तिकडची संस्था करणार आहे. परवानगी कुणाची लागते?

सर, तुमच्या बाबतीत एक गोष्ट लोक हमखास विसरतात. शासकीय कर्मचाऱ्यानं परदेशात गेल्यावर परदेशी संस्थेकडून पाहुणचार घ्यायचा असेल, म्हणजे तिकीट, राहणं, जेवण, तर परकीय योगदान नियमन कायदा २०१० च्या कलम ६ प्रमाणं केंद्र सरकारची आधी परवानगी लागते, ती गृहमंत्रालयाकडं मागायची असते. निमंत्रण हातात आलं की त्याच आठवड्यात कामाला लागा. बाकी विभागाची परवानगी, ना हरकत, कर्तव्य रजा हे नेहमीचं तुम्हाला माहीतच आहे, ते वरिष्ठ कार्यालयातून लेखीच घ्या, तोंडी 'जा हो सर' यावर विमानात बसू नका.

कागद सोडून एक बोलते, राग मानू नका. आपण प्राध्यापक अशा दौऱ्यात मुलांना सांभाळायला म्हणून जातो आणि पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खरेदीत अडकतो, प्रमाणपत्र मिळालं, फाईलला लागलं, झालं. तिथल्या प्राध्यापकासोबत एक तास बसा, त्यांचा वर्ग मागच्या बाकावर बसून बघा, भाषा नाही कळली तरी चालेल. मी एका वर्गात बसले तेव्हा तास संपल्यावर मुलांनीच फळा पुसला, खुर्च्या आत सरकवल्या अन् मग बाहेर पडली, कुणी सांगितलं नव्हतं. आल्यावर मी माझ्या वर्गात तेवढी एकच गोष्ट सुरू केली आणि ती अजून चालू आहे.

प्रश्न : आमचं घर माळकरी आहे, मुलगी कांदा-लसूणही खात नाही. तिकडं सगळं मासेच म्हणे. उपाशी राहील का? (हिंगोली)

उपाशी नाही राहणार, पण तयारी लागेल. तिकडं जे दिसायला शाकाहारी वाटतं त्यातही बऱ्याचदा 'दाशी' असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी, आपण आमटीला येसर लावतो तसं ते सगळ्याच्या खाली असतं. सूप नुसतं टोफूचं दिसलं तरी विचारायचं. एक वाक्य मुलीला पाठ करायला लावा, 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', मांस आणि मासे मी खात नाही. आणि जोडीला 'दाशी मो' असं म्हणून हात हलवायचा, कळतं त्यांना. तिकडच्या लिपीत लिहिलेली चिठ्ठी यजमान संस्थेकडून आधीच मागवून घेतली तर फारच सोपं.

आता आनंदाची गोष्ट. जपानमधल्या बौद्ध मठांत 'शोजिन र्‍योरी' म्हणून जेवण असतं, त्यात मांस-मासे तर नाहीतच पण कांदा-लसूणही नाही! कोयासान नावाच्या डोंगरावर आम्ही मठात राहिलो तिथं तिळाचं घट्ट दुधाळ 'गोमादोफू', गोठवून वाळवलेलं टोफू, भाज्या, भात, सगळं छोट्या छोट्या वाट्यांत लाल ताटात मांडून समोर ठेवलं. आमच्यातला एक माळकरी मुलगा चार दिवस केळी-ब्रेडवर काढून आला होता, त्यानं ते ताट बघितलं, आपल्याकडं पंगतीत श्लोक म्हणतो तसे हात जोडले, आणि समोरचा भिक्षूही त्याच क्षणी हात जोडून 'इतादाकिमास' म्हणाला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. नंतर त्या मुलानं मला सांगितलं, मॅडम, मला वाटलं मी पंढरपुरात आहे.

सोबत काय न्यायचं, तर धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते, शेंगदाण्याची चटणी नीट सीलबंद, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू. ताजी फळं, भाज्या, कच्चा तांदूळ, मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात, आणि फॉर्मवर जे नेलंय ते खरं लिहायचं. दुकानात भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यात 'उमेबोशी' म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेला बघून घ्यायचा, आपल्या मुरलेल्या लोणच्याच्या फोडीसारखं लागतं. औषधांचं मात्र फार जपा, सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांत अन् सिरपमध्ये असे घटक असतात की जपानमध्ये त्यांना बंदी किंवा कडक मर्यादा आहे, स्यूडोएफेड्रिन, कोडीन वगैरे. डॉक्टरांना दाखवूनच पिशवी भरा, आणि रोजची औषधं असतील तर महिन्याभराच्या आत बसतील एवढीच, चिठ्ठीसह.

प्रश्न : आमच्या कॉलेजची टीम चाललीय. कार्यक्रमात काय सादर करायचं यावर वाद सुरू आहे. निम्मे म्हणतात हिंदी गाण्यावर डान्स, त्यावर टाळ्या पडतात. भेट काय न्यायची तेही सांगा. (जालना)

टाळ्या पडतील, खरं आहे. पण तिकडच्या मुलांनी तो डान्स मोबाईलवर आधीच पाहिलेला असतो. तुम्ही जालन्याहून गेलात हे त्यांना कशावरून कळणार?

आपल्याकडं काय कमी आहे का हो. गोंधळ आहे, वासुदेव आहे, हलगी आहे, पैठणच्या एकनाथांमुळं घराघरात गेलेलं भारूड आहे, गंगाखेडच्या जनाबाईची परंपरा सांगणारी जात्यावरची ओवी आहे. आम्ही हलगी नेली होती. जपानमध्ये तायको नावाचे मोठे ढोल असतात, त्यांचा ग्रुप स्टेजवर होता, आणि कार्यक्रम संपल्यावर आमच्या पोरानं हलगीवर ठेका धरला तर त्यांच्यातला एकजण परत आला आणि तायकोवर जुळवायला लागला. सहा-सात मिनिटं चाललं ते, कुठं ठरलेलं नव्हतं. नऊ दिवसांतला तो एकच कार्यक्रम असा होता की ज्यात खरंच दोन्हीकडून काहीतरी आलं.

भेटवस्तूचं माझं स्पष्ट मत आहे, विमानतळावरच्या दुकानातला संगमरवरी ताज नको. हिमरूची शाल नेली तर छान, संभाजीनगरात अजून थोडे विणकर आहेत. पण मला सांगायचंय ते गोधडीचं. टीममधल्या एका मुलीच्या आईनं शिवलेली वाकळ आम्ही नेली होती, जुन्या लुगड्यांची, मधे मामाच्या धोतराचा तुकडा, कडेला लाल काठ. खरं म्हणजे ती मुलगी द्यायला लाजत होती, म्हणे मॅडम हे चिंध्यांचं आहे, ते लोक काय म्हणतील. होमस्टेच्या घरातल्या आजी सत्तरीच्या असतील, त्यांनी ती घडी मांडीवर घेतली, उलगडली नाही लगेच. आधी कडेचा धावदोरा बोटानं चाचपत गेल्या, एक ओळ, दुसरी ओळ, कोपऱ्यात जिथं टाका वळतो तिथं थांबल्या. मग उठून आतल्या कपाटातून एक निळं जुनं कापड घेऊन आल्या, ठिगळावर ठिगळ लावलेलं, आणि त्यावर तसाच पांढरा धावदोरा. त्याला ते 'बोरो' म्हणतात आणि त्या शिवणीला 'साशिको', गरीब शेतकरी-कोळ्यांच्या घरातल्या बाया थंडीसाठी शिवायच्या. दोन्ही कापडं चटईवर शेजारी शेजारी ठेवली त्यांनी. त्या मुलीनं तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि आई इकडून मराठीत सांगतेय, आजी तिकडून जपानीत, मधे भाषांतर करायला कोणी नाही, आणि दोघी टाक्यांवर बोट ठेवून बोलतायत. चिंध्या हा शब्द त्या मुलीच्या तोंडून मी परत ऐकला नाही.

आणखी एक, तुम्ही जालन्याचे, मोसंबीवाले. तिकडं ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा हा भाग 'मिकान' संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, डोंगरउतारावर बागा आहेत. जमलं तर एक दिवस शेतकऱ्याकडं मागून घ्या कार्यक्रमात, शेतकऱ्यांची पोरं शेतकऱ्याशी जास्त बोलतात.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातला, एमए करतोय. जपानमध्ये बाबासाहेबांचा पुतळा आहे असं ऐकलं, खरं आहे का? आमच्या दौऱ्यात तो घ्यायला लावायचाय. बौद्ध देश बघायची फार इच्छा आहे.

खरं आहे. वाकायामा प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्याआधी २०१३ मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात सहकार्याचा करार झाला होता. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून रेल्वे आणि शेवटी दोराच्या गाडीनं वर जाता येतं, तेव्हा आयोजकांना म्हणावं एक मुक्काम तिथं ठेवा, जाऊन-येऊन करू नका. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे, नोव्हेंबरातसुद्धा आपल्या पोरांचे दात वाजतात, स्वेटर जाड न्या.

पण मित्रा, एक गोष्ट आधी सांगून ठेवते म्हणजे तिथं गोंधळायला होणार नाही. कोयासान हे शिंगोन पंथाचं ठाणं आहे, कूकाई नावाच्या भिक्षूनं ८१६ मध्ये स्थापन केलेलं. तिथं मंत्र आहेत, होम आहे, मूर्ती आहेत, भिक्षू लग्नही करतात. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म आपल्याला दिला आणि २२ प्रतिज्ञा दिल्या त्या नजरेनं बघशील तर प्रश्न पडतील. ते प्रश्न घेऊन जा आणि तिथल्या शिक्षकांना विचार, नम्रपणे पण विचार. आमच्यातल्या एका मुलानं विचारले होते आणि उत्तर द्यायला ते अध्यापक दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पुस्तकं घेऊन आले. त्याच मुलानं त्यांना मिलिंद महाविद्यालयाबद्दल सांगितलं, १९५० मध्ये बाबासाहेबांनी मराठवाड्यात सुरू केलेलं, त्याचा नागसेनवन परिसर, आणि पुढं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून आपल्या माणसांनी काय काय सोसलं, १४ जानेवारी १९९४ पर्यंत. ते त्यांना बिलकुल माहीत नव्हतं. पुतळा होता पण हे माहीत नव्हतं. म्हणून म्हणते फोटो काढायला जाऊ नकोस, सांगायला जा. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचे भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचेच, हेही तिकडच्या मुलांना सांग, त्यांना आश्चर्य वाटतं.

पुतळा बघून झाला की ओकुनोइनला जा. उंच देवदारांमधून दोनेक किलोमीटरची वाट आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांच्यावर समाध्या, शेवाळलेल्या. त्यांतल्या बऱ्याच पाच दगडांच्या असतात, खाली चौकोनी, त्यावर गोल, त्यावर तिरपा, मग अर्धगोल, मग टोकदार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आणि प्रत्येक दगडावर एक अक्षर कोरलेलं. ती लिपी सिद्धम्, आपल्या देवनागरीची चुलत बहीण म्हणा, दोघींचं मूळ ब्राह्मीत. आमच्यासोबतच्या तरुण भिक्षूनं वाळलेल्या काडीनं जमिनीवर एकेक अक्षर काढलं, खालून वर, अ, व, र, ह, ख. तिसऱ्या अक्षराला आमच्या दोन मुली एकदम ओरडल्या, 'र!' भिक्षू थबकला, म्हणाला तुम्हाला वाचता येतं? त्याला ही अक्षरं शिकायला वर्षं लागली होती.

प्रश्न : पुढच्या वर्षी तिकडचे विद्यार्थी आमच्या कॉलेजात यायचे आहेत. आम्ही त्यांना काय दाखवावं? आमच्या मुलांनीच अजून काही पाहिलेलं नाही. (संभाजीनगर)

शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत त्याबद्दल तुमचे आभार. आमच्या १२ जणांपैकी पाच जणांनी अजिंठा पाहिलेला नव्हता, शंभर किलोमीटरवर असून. मी जायच्या आधी सगळ्यांना एक दिवस तिथं नेलं, पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर बसवलं आणि सांगितलं की इथून अर्ध्या तासात उठायचं नाही. तेव्हा कुरकुरले. मग जपानमध्ये नाराजवळ होर्यूजी मंदिरात गेलो, तिथल्या मुख्य सभागृहातल्या भिंतीवरच्या बोधिसत्त्वांची अजिंठ्याशी कायम तुलना होते. ती भित्तिचित्रं २६ जानेवारी १९४९ ला आगीत जळाली. त्यानंतरच १९५० मध्ये जपाननं सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला आणि आजही तिकडं २६ जानेवारीला जुन्या मंदिरांत आग विझवायचा सराव होतो. आपण झेंडावंदन करतो त्याच दिवशी. हे ऐकल्यावर आमची एक मुलगी हळूच म्हणाली, मॅडम, आपलं अजून आहे. अजिंठ्याच्या जतनासाठी जपाननं आपल्याला कर्ज दिलं ते का, हे मला वेगळं शिकवायला लागलं नाही.

तेव्हा तुमच्या मुलांना आधी न्या, प्रत्येकाला एक लेणं वाटून द्या, आणि पाहुणे आले की गाईड घेऊ नका, ज्याचं त्याचं लेणं ज्यानं त्यानं सांगायचं, मोडक्या इंग्रजीत सांगितलं तरी. वेरूळला कैलास लेणं सकाळीच घ्या, दुपारी दगड तापतो. पैठण ठेवा, सातवाहनांची राजधानी आणि नाथांचं गाव एकाच दिवसात होतं. हॉटेलात ठेवू नका, घराघरात ठेवा, पण त्या घरांत संडास-बाथरूम स्वच्छ, प्यायला सीलबंद पाणी आणि पहिले दोन दिवस तिखट निम्म्यावर, एवढं आधी फिरून बघून या. डिसेंबर-जानेवारीत आले तर हुरड्याला रानात न्या, दुसरं काही नाही केलं तरी ते आयुष्यभर सांगतील.

आणि तारखा ठरवताना बघा, सोमवारी अजिंठा बंद असतो अन् मंगळवारी वेरूळ. आमचे पाहुणे रविवारी रात्री आले होते.